एकशे पंचवीस अक्षरं

"परीक्षेला जाताना दोन पेन्सिली ने आणि दोन्हींना दोन्हीकडून टोक काढ," असं मास्तरांनी बजावलं होतं. ऐकता ऐकता टोक मोडलं तर पेन्सिल नुसती उलटी करायची. दुसरी काढायला पिशवीत हात घातला की दोन अक्षरं गेली म्हणून समजायचं.

ही १९८५ सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. बेळगावहून बंगळूरला येऊन दोन वर्षं झाली होती आणि जालहळ्ळीकडे एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात मी टेस्टिंगला होते. दिवसभर दुसऱ्यांसाठी बनवलेले संच तपासायचे आणि संध्याकाळी बसने मल्लेश्वरमला मास्तरांकडे मोर्स शिकायला जायचं, असा माझा आठ महिने क्रम होता. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना मला हवा होता. दुसऱ्या श्रेणीच्या त्या परीक्षेत मोर्सची अट अशी: मिनिटाला पाच शब्द, एक शब्द पाच अक्षरांचा धरायचा, आणि हे सलग पाच मिनिटं. म्हणजे एकशे पंचवीस अक्षरं हेडफोनमधून ऐकून कागदावर उतरवायची. पाचापेक्षा जास्त चुका झाल्या की नापास. मग साध्या कीवर तेवढाच वेळ पाठवून दाखवायचं. तिथंही न सुधारलेल्या चुका पाचाच्या वर जाता कामा नयेत. संधी एकच. पहिल्या श्रेणीला मिनिटाला बारा शब्द, म्हणजे तेवढ्याच वेळात तीनशे अक्षरं.

मास्तर तारखात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेलं, घरातलं मराठी तंजावरी वळणाचं, आणि बाहेर पाऊल टाकलं की कन्नड. त्यांचा सगळा जन्म तारेच्या साउंडरवर गेला होता. साउंडरमधून सूर येत नाही, येते ती नुसती कट्ट-कडकट्ट. दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून डॉट कुठला आणि डॅश कुठला हे कानाने ठरवायचं. रेडिओवर मात्र बारीक शिट्टीसारखा सूर येतो, आखूड नाहीतर लांब. म्हणून मी साबणाच्या डबीत एक ट्रान्झिस्टर, एक छोटा स्पीकर आणि सेल घालून सूर काढणारा ऑसिलेटर केला, आणि सत्तरीच्या मास्तरांनी माझ्यासाठी तो नवा कान करून घेतला. त्यांची की पितळेची होती. तिची काळी मूठ वर्षानुवर्षांच्या बोटांनी एका बाजूला झिजून गुळगुळीत झाली होती. त्या झिजलेल्या भागावर माझी बोटं बसत नसत. "मनगट हलू दे, बोटं नकोत," असं ते म्हणत. पाठवणं मला लवकर जमलं. ऐकणं जमायला फार वेळ लागला.

त्यांचा एक नियम होता. अक्षर निसटलं तर तिथं आडवी रेघ ओढायची आणि पुढे जायचं. "अंदाज करू नकोस, पोरी. एकाचा अंदाज करत बसलीस की पुढची तीन जातात. आणि अंदाज चुकला तर ज्याची तार आहे त्याच्या घरी भलतीच बातमी जाते." मी पहिल्या महिन्यात कागद दाखवला तेव्हा त्यावर एकही रेघ नव्हती आणि निम्मी अक्षरं चुकीची होती. त्यांनी चष्मा काढला, कागद बाजूला ठेवला आणि मला पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसवलं.

परीक्षा अवघड असावी की सोपी, हा वाद मी तेव्हापासून ऐकते आहे. चाळीस वर्षं झाली. जुनी मंडळी म्हणतात, मोर्स गेलं आणि हॅम संपला. नवी म्हणतात, मोर्स म्हणजे दारात उभं केलेलं बुजगावणं, ते काढा, पोरं येतील. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, कारण या देशात परवाना अवघड होता तो बऱ्याच अंशी परीक्षेमुळे नव्हताच.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. आपल्याकडे पहिले हौशी प्रक्षेपक १९२१ मध्ये निघाले, बंगालमध्ये: अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस. आमच्या या म्हैसूर संस्थानात मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये म्हैसूरच्या आपल्या राहत्या घरात ३० वॅटचा प्रक्षेपक बसवला आणि त्या केंद्राला आकाशवाणी नाव दिलं. घराचं नाव होतं विठ्ठल विहार. ते प्रसारण होतं. हॅमचं काम संभाषणाचं, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पण घरात बसून आकाशात आवाज सोडायची ओढ तीच. देशाच्या रेडिओने पुढे उचललं ते नाव एका प्राध्यापकाच्या घरातून आलेलं आहे, हे मी शिकवायला बसले की मुलांना आधी सांगते.

सरकारला मात्र या ओढीची पहिल्यापासून धास्ती होती. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागू लागला. साधा रेडिओ ऐकायचा तरी टपाल कचेरीतून परवान्याचं पुस्तक घ्यावं लागे आणि दरवर्षी पैसे भरून त्यावर तिकिटं लावावी लागत. आमच्या बेळगावच्या घरी ते पुस्तक देवघराच्या फळीवर असायचं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा नवे परवाने थांबले आणि असलेल्या हौशींना आपले प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करायचे हुकूम निघाले. तरी १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झालाच. उषा मेहता आणि त्यांचे साथी जागा बदलत तो चालवत होते. यंत्राची बाजू जाणणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओतलेच. नोव्हेंबरमध्ये धरपकड झाली, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. परवाना मागणाऱ्या माणसाकडे आधी संशयानेच पाहायचं, ही सवय मला त्या वर्षांत मुरलेली दिसते. राज्य बदललं, सवय राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये देशभर पन्नासएक हॅम होते. त्याच वर्षी महूच्या लष्करी सिग्नल शाळेत एक क्लब निघाला, तो १९५४ मध्ये दिल्लीला अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. बंगळूरचा क्लब १९५९ चा, त्याची सांकेतिक खूण व्हीयू टू एआरसी. या शहरात हॅम रुजला याचं आश्चर्य वाटायला नको. टेलिफोनचा कारखाना १९४८ मध्ये आला, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये, विमानांचा कारखाना त्याआधीच होता. संध्याकाळी कारखान्यातून सुटलेल्या माणसाच्या हाताला डाग द्यायची कला असायची आणि रविवार मोकळा असायचा.

मी शिकत होते तेव्हा १९७८ चे नियम चालू होते. ॲडव्हान्स्ड, ग्रेड वन, ग्रेड टू आणि रिस्ट्रिक्टेड अशा श्रेणी होत्या. शेवटच्या श्रेणीला मोर्स नव्हतं, म्हणून क्लबात काही जण तिला श्रेणीच मानत नसत. नुसतं ऐकणाऱ्यांसाठीही वेगळा परवाना होता. बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षा देता येई. लेखी परीक्षेत एक भाग रेडिओच्या तत्त्वांचा आणि एक नियमांचा. यातलं काहीही गैरवाजवी नव्हतं. बीएस्सी न झालेली माणसं, रिक्षा चालवणारे, शिंपी, शाळेतली मुलं ती परीक्षा पास झालेली मी पाहिली आहेत.

मी पहिल्या झटक्यात पास झाले. कागदावर तीन आडव्या रेघा होत्या.

त्यानंतर चौदा महिने काही झालं नाही. अर्ज कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जात होता ते मला कधीच कळलं नाही. मग एके दिवशी चौकशीला माणूस आला. मी कामावर होते. त्याने घरमालकीण अज्जींना विचारलं, ही मुलगी वायरलेस कशासाठी मागते आहे, हिच्याकडे कोण येतं-जातं. अज्जी घाबरल्या. त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा घर सोडायला सांगितलं. शेवटी मास्तर धोतर नेसून, कपाळाला गंध लावून आले आणि अज्जींशी तासभर कन्नडमधून बोलत बसले, तेव्हा त्या शांत झाल्या. पण माझ्याबरोबर परीक्षा पास झालेल्या दोन मुलींनी त्या चौदा महिन्यांत नाद सोडला. एकीचं लग्न झालं, दुसरीच्या वडिलांनी घरात पोलीस नको म्हणून सांगितलं. दोघींचंही मोर्स माझ्यापेक्षा चांगलं होतं. परीक्षेने त्यांना आत घेतलं होतं. बाहेर घालवलं ते वाट पाहण्याने. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसरी अडचण यंत्राची. परदेशी संचावर जबर आयात शुल्क होतं. राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांची खूण व्हीयू टू आरजी. त्यांच्या काळात ते शुल्क माफ झालं. तरी माझ्या पगारात परदेशी संच बसणार नव्हता. मग सादर पत्रप्पा रोड. आजही तिथं जा, अरुंद गल्ल्यांमधून कपॅसिटर आणि कॉइल किलोवर मिळाव्यात तशी दुकानं आहेत. लष्कराच्या मोडीतून आलेले ट्रान्सफॉर्मर, ८०७ नावाचा वाल्व, चिनी मातीचे सॉकेट, असं एक एक करत मी सात मेगाहर्ट्झचा प्रक्षेपक जमवला. ८०७ बाटलीएवढा असतो, डोक्यावर टोपी, आणि त्या टोपीवर कित्येकशे व्होल्ट. त्याला हात लावताना दुसरा हात पाठीमागे ठेवायचा, हे पहिल्या दिवशी शिकायचं.

पुढचं सांगते, कारण या वादातलं माझं मत तिथून सुरू होतं. १९८७ साल, रविवारची सकाळ. दूरदर्शनवर रामायण चालू होतं आणि अज्जींच्या खोलीत गल्लीतली पंधरा-वीस माणसं बसली होती. वर मी की दाबली. खाली पडद्यावर आडवे पट्टे धावले आणि आवाजात माझे डॉट-डॅश घुसले. अज्जी जिना चढून आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या दारात उभ्या राहिल्या. मी की सोडली, संच बंद केला.

हार्मोनिक म्हणजे काय, हा प्रश्न मला लेखी परीक्षेत आला होता आणि मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं. सातवर पाठवायला गेलं तर चौदावर, एकवीसवर आणि त्याही वर थोडं थोडं सांडतं, ते अडवायला गाळणी लावावी लागते, सगळं मला पाठ होतं. लावली नव्हती. पुढचे तीन आठवडे मी तांब्याच्या तारेचे वेढे मोजत लो-पास फिल्टर केला, खोकं जमिनीशी नीट जोडलं आणि रविवारी साडेनऊला अज्जींच्या टीव्हीसमोर एका मुलाला बसवून वर की दाबली. मुलगा खालून ओरडला, "काही नाही, काकू!" त्या दिवशी मी खरी पास झाले असं मला वाटतं.

तेव्हा परीक्षा अवघड असावी का? असावी. पण अवघड कुठं, हा प्रश्न आहे.

मोर्सची सक्ती जगभर का होती, त्याचं कारण साधं आहे. समुद्रावरची जहाजं मोर्सवर बोलत. कोणी एसओएस देत असेल आणि एखादा हौशी त्याच्यावरून बडबडत असेल तर ते त्याला कळायला हवं. सरकारी केंद्राने गप्प बस म्हटलं तर तेही कळायला हवं. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमात मोर्स होतं. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांची संकटयंत्रणा पूर्णपणे उपग्रहावर आणि स्वयंचलित संदेशांवर गेली आणि ते कारण उरलं नाही. २००३ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने सक्ती काढून प्रत्येक देशावर सोडली. ब्रिटनने त्याच जुलैमध्ये ती काढली, अमेरिकेने २००७ च्या फेब्रुवारीत. जपानमध्ये तर सगळ्यात खालच्या श्रेणीला मोर्स कधीपासूनच नव्हतं, शक्ती दहा वॅटची, आणि तिथल्या हौशी केंद्रांची संख्या १९९० च्या दशकात दहा लाखांवर गेली. तिथं आकाश कोसळलं नाही. आपल्याकडे पुढे चार श्रेणींच्या दोन झाल्या: रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्द. आणि २०१३ च्या जुलैमध्ये देशातली तारसेवाच बंद झाली. मास्तर ते पाहायला नव्हते.

मला स्वतःला मोर्स प्राणाहून प्रिय आहे. बोलण्याला जिथं अडीच-तीन किलोहर्ट्झची वाट लागते तिथं मोर्स शे-दीडशे हर्ट्झच्या फटीतून जातं, म्हणून पाच वॅटवर, गच्चीवरच्या एका तारेने, समुद्रापलीकडे पोचतं. ते शिकावं असं मी प्रत्येकाला सांगते. पण दारात ते उभं करायचं कारण आता उरलेलं नाही, हेही मला मान्य आहे. ज्याला आवडेल तो आत आल्यावर शिकेल.

माझं म्हणणं वेगळं आहे. ती एकशे पंचवीस अक्षरं मोर्सची परीक्षा होती खरी, पण सगळ्या परीक्षेत ऐकण्याची तेवढी एकच परीक्षा होती. बाकी सगळं लिहायचं नाहीतर पाठवायचं होतं. जिथं मोर्स काढलं तिथं त्याबरोबर ऐकणंही गेलं, आणि त्याच्या जागी कोणी काही ठेवलं नाही.

आता रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळवले की झालं. प्रश्नसंच पाठ करून मुलं दोन आठवड्यांत तयार होतात. मी गेली बारा वर्षं रविवारी मुलांना शिकवते, आणि तशी तयार मीही केली आहेत. चौदा वर्षांचा एक मुलगा होता, हुशार, चुणचुणीत. ऐंशीच्या वर गुण मिळवले. परवाना आला, वडिलांनी संच आणून दिला, आणि पहिल्याच सकाळी तो सात मेगाहर्ट्झवर जाऊन मोठ्याने आपली खूण सांगू लागला. तिथं हुबळीचे एक वृद्ध गृहस्थ कोल्हापूरच्या मित्राशी बोलत होते. दोघांचा आवाज क्षीण होता, त्याला ऐकूच आला नाही, कारण त्याने ऐकलंच नव्हतं. वारंवारिता मोकळी आहे का, हे विचारण्याची खूण क्यूआरएल, हे त्याला परीक्षेत आलं होतं. अगदी माझ्या हार्मोनिकसारखंच.

मुलाचा दोष नव्हता. ऐकायचं कसं ते त्याला कोणी तपासूनच पाहिलं नव्हतं.

म्हणून मला परीक्षेत काय हवं ते सांगते. अर्धा तास उमेदवाराच्या कानाला हेडफोन लावा आणि खरा बँड ऐकवा, खरखर, विरणारे आवाज, एकावर एक चढलेली दोन केंद्रं, सगळ्यासकट. कोण बोलतंय, कुठून, काय सांगतंय, कुठं मोकळी जागा आहे, हे त्याने लिहावं. नीट ऐकू आलं नाही तिथं रेघ ओढावी, आणि रेघेला चूक धरू नये. चूक धरावी ती अंदाजाला. मग परीक्षकासमोर एकदा हवेवर जाऊन दोन मिनिटं बोलून दाखवावं आणि आपला सूर कुठं सांडत नाही ना, ते मीटरवर दाखवावं. एवढं बारा वर्षांच्या मुलाला जमतं. आणि ज्याला हे जमलं त्याचा परवाना महिन्याभरात हातात पडावा. अर्ज आता सरल संचार पोर्टलवरून करता येतो. टेबलं कमी झाली असतील तर वेळही कमी व्हायला हवा.

ऐकण्याची गरज किती खरी आहे, ते याच शहरात बनलेल्या एका वस्तूने दाखवलं. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने मोठ्या कार्टोसॅट-१ बरोबर एक बेचाळीसएक किलोची पेटी वर नेली: हॅमसॅट. बंगळूरच्या उपग्रह केंद्रातल्या हौशींचा स्वतःचा क्लब आहे, आणि हा उपग्रह हौशींसाठी होता. त्यात दोन प्रक्षेपक-ग्राहक जोड्या होत्या, एक इथली, एक नेदरलँड्सच्या एका हौशीने केलेली. आम्ही गच्चीत हातात ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना धरून उभे राहायचो, ४३५ मेगाहर्ट्झवर वर पाठवायचं, १४५ वर खाली ऐकायचं. दहा-बारा मिनिटांत तो एका क्षितिजावरून दुसऱ्याकडे जायचा आणि जाता जाता सूर घसरत राहायचा, रेल्वेच्या शिट्टीसारखा.

त्याची एक गंमत होती. त्याच्याकडे शक्ती थोडी, ती सगळ्यांना वाटून द्यायची. खालून एकाने गरजेपेक्षा जास्त वॅट सोडले की उपग्रहाची बहुतेक ताकद त्याच्याच आवाजावर खर्ची पडायची आणि बाकीचे बुडायचे. त्यामुळे नियम असा की आधी दुसऱ्यांचे आवाज ऐका, मग आपला परत येणारा आवाज ऐका, आणि तो इतरांपेक्षा मोठा असेल तर शक्ती कमी करा. ज्यांना मोर्स अजिबात येत नव्हतं असे काही तरुण ते सुंदर करायचे. मोर्सचे बडे जाणकारही कधी कधी शंभर वॅट ओतायचे. हॅमसॅट २०१४ च्या जुलैपर्यंत चालला, दोन-तीन वर्षांची अपेक्षा होती तिथं नऊ वर्षं.

आणि किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनाची रात्र सरलेली. सकाळी मी संच लावला तेव्हा बँडवर नेहमीच्या गप्पा नव्हत्या. पुढच्या काही दिवसांत हौशी मंडळी आपले संच आणि गाडीच्या बॅटऱ्या घेऊन लातूर-उस्मानाबादकडे पोचली आणि तिथून निरोप येऊ लागले. मी बंगळूरला होते. माझ्याकडे काम एकच होतं, गप्प बसून ऐकायचं, आणि मधल्या केंद्राला ऐकू आलं नाही तर आपल्याला ऐकू आलेलं पुढे सांगायचं. नावं एकेक अक्षर फोडून यायची. औषधाचं नाव, गावाचं नाव, माणसाचं नाव. एका नावातलं एक अक्षर खरखरीत गेलं. पाटील की पटेल, असं काहीसं. माझ्या हातातली पेन्सिल थांबली, आणि मी तिथं रेघ ओढली. मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर अक्षर मिळालं. ज्याच्यासाठी तो निरोप होता त्या घरात काय झालं ते मला ठाऊक नाही.

त्सुनामीच्या वेळी, २००४ च्या डिसेंबरात, भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगाने हौशी रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला होते. कित्येक वर्षांनी तिथं परवानगी मिळाली होती. २६ तारखेला त्यांनी छंद बाजूला ठेवला आणि अंदमानचे निरोप मुख्य भूमीला देत बसले. ते दिवसही आम्ही इथं बहुतेक ऐकण्यात काढले.

त्या चौदा वर्षांच्या मुलाला मी रागावले नाही. माझ्याकडे मास्तरांची पितळी की आहे, त्यांच्या मुलाने दिलेली. ती त्याला पाहू दिली, पण हातात दिली ती शंभर पानी वही. "संच आठवडाभर बंद ठेवायचा नाही," म्हटलं, "माइक मात्र काढून माझ्याकडे दे. रोज सकाळी साडेसहा ते सात, नुसतं ऐकायचं आणि लिहायचं." तो म्हणाला, "काकू, त्याचे मार्क कुठं आहेत?" मी म्हटलं, "मार्क नाहीत."

पुढच्या रविवारी वही आली. पहिल्या दोन दिवसांची पानं भरगच्च आणि एकही रेघ नाही. कोल्हापूरचं केंद्र त्याने एकदा कोचीला नेलं होतं आणि एकदा कोलकात्याला. बुधवारपासून मजकूर कमी झाला. शनिवारच्या पानावर सहा ओळी होत्या. सहा एकोणचाळीसला त्याने लिहिलं होतं, हुबळी, आवाज बारीक, पाऊस आहे म्हणतात, मित्राला विचारतात तब्येत कशी. पुढे कोल्हापूरच्या उत्तरात चार शब्द आणि त्यानंतर, पेन्सिल दाबून, एक लांब आडवी रेघ.

मी त्याचा माइक परत दिला.